तिरंग्याविना सोची : २०१४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधले तीन भारतीय

आजचा विषय ऐकून काहींना गंमत वाटेल. भारत आणि हिवाळी ऑलिम्पिक! आपल्याकडे 'ऑलिम्पिक' म्हटलं की हॉकी आठवते, कुस्ती आठवते, नीरज चोप्राचा भाला आठवतो. बर्फावरचे खेळ म्हणजे दूरदर्शनवर चुकून दिसलं तर पाहायचं, असा प्रकार. या खेळांत भारताला २०२२ पर्यंत एकही पदक मिळालेलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो. म्हणजे मग कुणी शेवटपर्यंत पदकाची वाट पाहत बसायला नको.

मग या विषयावर बोलायचं कशाला? तर २०१४ च्या फेब्रुवारीत, रशियातल्या सोची या गावी, एक प्रश्न अगदी उघडावाघडा होऊन समोर आला. एखादा माणूस 'भारतातर्फे' खेळतो, म्हणजे नेमका कुणातर्फे खेळतो? सरकारतर्फे? जनतेतर्फे? की दिल्लीतल्या एका समितीतर्फे? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे असे प्रश्न दिसले की आमची पावलं तिकडे वळतात. पण आज तत्त्वचर्चा थोडी आणि इतिहास जास्त, असं करू.

आधी पार्श्वभूमी. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचं नाव पहिल्यांदा लागलं ते १९६४ साली, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. खेळाडू एकच होता, जेरेमी बुजाकोव्स्की. नावावरून कळतंच, माणूस मूळचा पोलिश. दुसऱ्या महायुद्धानं युरोपातली किती कुटुंबं कुठच्या कुठे नेऊन टाकली, त्यांतलंच हे एक. तो भारताच्या नावानं स्कीइंगच्या शर्यतींत उतरला आणि १९६८ ला फ्रान्समधल्या ग्रेनोबलला पुन्हा उतरला. त्यानंतर वीस वर्षं कोणी नाही. १९८८ ला कॅनडातल्या कॅल्गरीला तिघे गेले. त्यांत शैलजा कुमार होत्या. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भाग घेणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद आहे. स्लॅलम शर्यतीत त्या २८ व्या आल्या. १९९२ ला दोघे गेले, १९९४ ला कोणीच नाही.

आणि मग १९९८ ला जपानमधल्या नागानोला एक सोळा वर्षांचा मुलगा आला, शिवा केशवन. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा. वडील केरळचे, आई इटालियन. खेळ कोणता, तर ल्यूज. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नावही ऐकलं नसेल, म्हणून सांगतो. एक छोटी घसरगाडी असते, तिच्यावर पाठीवर उताणं झोपायचं, पाय पुढे, आणि बर्फाच्या वळणावळणाच्या नळीतून खाली सुटायचं. वेग ताशी १३०-१४० किलोमीटरपर्यंत जातो. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. पोटऱ्यांनी दाब द्यायचा, खांदे किंचित कलवायचे, एवढंच काय ते नियंत्रण. आणि निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात.

आता, असली बर्फाची नळी भारतात नाही. मग हा मुलगा शिकला कुठे? १९९५ च्या सुमारास पंचकुल्याला एक शिबिर झालं होतं. ऑस्ट्रियाचे माजी विजेते गुंथर लेमरर तिथे आले होते आणि त्यांनी चाकं लावलेल्या गाड्यांवर मुलांना हा खेळ दाखवला. तिथून शिवाची निवड झाली. पुढची कित्येक वर्षं तो हिमाचलच्या घाटरस्त्यांवर, ट्रक आणि मेंढ्यांच्या कळपांमधून, चाकांच्या गाडीवर झोपून सराव करत राहिला. नागानोला तो २८ वा आला, २००६ ला तुरिनला २५ वा. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीत तर आख्खं भारतीय पथक म्हणजे तो एकटाच होता.

सोची ही त्याची पाचवी ऑलिम्पिक. या वेळी सोबत दोघे होते. हिमांशू ठाकूर, मनालीच्या परिसरातला, जायंट स्लॅलम म्हणजे झेंड्यांमधून वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीसाठी. आणि नदीम इक्बाल, जम्मू-काश्मीरचा, सैन्यातला जवान, १५ किलोमीटरच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगसाठी. हे तिघे उगाच फिरायला गेले नव्हते, हे लक्षात घ्या. छोट्या देशांसाठी एखाददुसरी जागा राखलेली असते खरी, पण तीही आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून किमान गुणवत्ता सिद्ध केल्यावरच मिळते. तिघांनीही ती मिळवली होती. मिळाला नव्हता तो फक्त झेंडा.

झेंडा का मिळाला नाही? यासाठी थोडं मागे जाऊ, आणि हा रस्ता पुण्यातून जातो.

पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी स्पर्धा होत असत. दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष. धावणाऱ्या पोरांची धाव पाहून त्यांच्या मनात आलं, यांना ऑलिम्पिकला का पाठवू नये? आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला एक छोटं भारतीय पथक गेलंसुद्धा. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे दोन मल्ल होते, त्यांतले शिंदे तर चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

यात एक गोष्ट बघा. १९२० साली भारत स्वतंत्र राष्ट्र नव्हता. स्वतःचं सरकार नव्हतं, तिरंगा तर नव्हताच नव्हता. तरीही खेळाच्या मैदानावर 'भारत' नावाचं काहीतरी उभं राहिलं. कारण ऑलिम्पिकच्या जगात राष्ट्र म्हणजे नकाशावरचा देश नव्हे आणि सरकारही नव्हे. तिथे राष्ट्राचं दार उघडते ती त्या देशाची राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती. एकीकडे ऑलिम्पिकची सनद म्हणते की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. दुसरीकडे समितीच्या शिफारशीशिवाय खेळाडूला आपल्या देशाच्या नावानं आत पाऊल टाकता येत नाही. या विसंगतीचा आपल्याला फायदा झाला, हे मान्य केलं पाहिजे. राज्य नसतानाही राष्ट्र म्हणून उभं राहण्याची संधी आपल्याला समितीच्या वाटेनं मिळाली.

पण जी वाट आत नेते, तीच बंदही होऊ शकते. नव्वद वर्षांनी नेमकं तेच झालं.

२०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांमधल्या गैरव्यवहाराचे आरोप आपल्याला आठवत असतील. पुण्याचे तेव्हाचे खासदार सुरेश कलमाडी १९९६ पासून ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. एप्रिल २०११ मध्ये त्यांना अटक झाली. संघटनेतले ललित भानोत त्याआधीच अटकेत होते. त्या खटल्यांचा गुणदोष हा आपला आजचा विषय नाही. आपला विषय पुढे आहे. डिसेंबर २०१२ मध्ये संघटनेच्या निवडणुका लागल्या. न्यायालयाचं म्हणणं, निवडणूक सरकारच्या क्रीडा संहितेनुसार घ्या. संहितेत पदाधिकाऱ्यांना सत्तर वर्षांची वयोमर्यादा, अध्यक्षपदाला बारा वर्षांची मर्यादा. (सत्तरीची मर्यादा आम्हालाही लागू झाली असती, पण सुदैवानं व्याख्यान देण्याला ती नाही.) उलट आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं म्हणणं, सरकारी संहिता चालणार नाही, आमच्या सनदेनुसार घ्या, आणि आरोपपत्र दाखल झालेल्यांना उभं राहू देऊ नका.

४ डिसेंबर २०१२ ला, मतदानाच्या आदल्या दिवशी, आंतरराष्ट्रीय समितीनं भारतीय संघटनेला निलंबित केलं. तरी दुसऱ्या दिवशी निवडणूक झालीच. अभयसिंह चौताला अध्यक्ष, ललित भानोत सरचिटणीस. आंतरराष्ट्रीय समितीनं ती निवडणूक मानलीच नाही.

इथे दोन्ही बाजूंना काही ना काही तत्त्व होतं, हे न्यायानं सांगायला हवं. संघटनेतले लोक म्हणत होते, आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, न्यायालय दोषी ठरवेपर्यंत माणूस निर्दोष. हे तत्त्व खोटं नाही. पण ते शिक्षेच्या संदर्भातलं तत्त्व आहे. तुरुंगात कुणाला टाकायचं, हा एक प्रश्न आणि विश्वासाच्या पदावर कुणाला बसवायचं, हा दुसरा. गावच्या देवस्थानाच्या हिशेबावर वाद चालू असेल तर खजिनदार स्वतःहून म्हणतो, 'निकाल लागेपर्यंत दुसरा कोणी बघा.' त्यात गुन्ह्याची कबुली नसते. पदाची बूज असते. एवढी साधी गोष्ट पटायला संघटनेला एक वर्ष लागलं. डिसेंबर २०१३ मध्ये तिनं आपली घटना दुरुस्त केली आणि नव्या निवडणुकीची तारीख ठरवली, ९ फेब्रुवारी २०१४.

सोचीचं उद्घाटन कधी होतं? ७ फेब्रुवारीला.

आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. उद्घाटनाची तारीख काही अचानक जाहीर झाली नव्हती, ती साऱ्या जगाला कित्येक वर्षं माहीत होती. निवडणूक आठवडाभर आधी घेतली असती तर काय बिघडलं असतं? पण पथक जेमतेम तिघांचं, खेळ बर्फावरचे, पदकाची आशा नाही. मग घाई कुणासाठी करायची? ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असं केशवनं त्या वेळी जाहीरपणे म्हटलं. त्यात काही चूक नव्हती.

तेव्हा ७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी भारतीय खेळाडू ऑलिम्पिकच्या पाच वर्तुळांच्या ध्वजाखाली आले. नाव, 'स्वतंत्र ऑलिम्पिक सहभागी'. याआधी हे किंवा असं नाव कुणाला मिळालं होतं? १९९२ ला बार्सिलोनात युगोस्लाव्हियाच्या खेळाडूंना, कारण देश यादवी युद्धात फुटत होता. २००० ला सिडनीत पूर्व तिमोरच्या खेळाडूंना, कारण देश अजून जन्माला येत होता. २०१२ ला लंडनमध्ये दक्षिण सुदानच्या एका मॅरेथॉनपटूला, कारण देश नवा होता आणि ऑलिम्पिक समिती अजून बनलेली नव्हती. म्हणजे ज्यांचं राष्ट्र मोडलं किंवा ज्यांचं अजून नीट उभं राहिलं नाही, अशांसाठीचा हा निवारा. आणि त्यात सव्वाशे कोटींच्या, घटना शाबूत, संसद शाबूत असलेल्या देशाचे खेळाडू! १९२० ला राष्ट्राचं राज्य नव्हतं, तरी खेळाडूंना भारताचं नाव मिळालं. २०१४ ला राज्य होतं, सरकार होतं, झेंडा होता, सगळं होतं, आणि खेळाडूंना नाव मिळालं नाही.

मिलिंदप्रश्नातला रथाचा दाखला आपल्यापैकी काहींना माहीत असेल. नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, ज्यात बसून आलास तो रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजाचं प्रत्येक उत्तर 'नाही'. सगळे भाग विशिष्ट रीतीनं जुळले की त्याला आपण 'रथ' हे नाव देतो. आता तोच प्रश्न सोचीत विचारा. निकालपत्रावरचा 'भारत' म्हणजे काय? समिती म्हणजे भारत का? मंत्रालय म्हणजे भारत का? झेंड्याचं कापड म्हणजे भारत का? एकेक भाग सुटा केला की उत्तर 'नाही'. पण या दाखल्याची दुसरी बाजूही आहे, ती लोक विसरतात. एक भाग निखळला तर बाकीचे शाबूत असूनही रथ चालत नाही. समिती म्हणजे राष्ट्र नव्हे, हे खरंच. पण समिती म्हणजे आस. ती मोडली की चाकं कितीही चांगली असली तरी जागच्या जागी.

आता शर्यतींकडे येऊ. पुरुषांची ल्यूज ८ आणि ९ फेब्रुवारीला होती. सरावाच्या एका फेरीत केशवन गाडीवरून पडला, बर्फावर घसरत गेला आणि त्याच वेगात पुन्हा गाडीवर चढला. ती चित्रफीत तेव्हा जगभर फिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हसले, कौतुक केलं. चार वर्षांपूर्वी व्हँकुव्हरला याच खेळाच्या सरावात जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली ट्रॅकबाहेर फेकला जाऊन मेला होता, आणि केशवन त्याही स्पर्धेत होता. हे आठवलं की ती चित्रफीत गमतीची वाटत नाही. केशवन ३७ वा आला. जर्मनीचा फेलिक्स लोख जिंकला. केशवनची शेवटची फेरी ९ तारखेची. त्याच ९ तारखेला दिल्लीत मतदान झालं आणि एन. रामचंद्रन अध्यक्ष झाले. ११ फेब्रुवारीला निलंबन उठलं. स्पर्धा चालू असताना एखाद्या देशाचं निलंबन मागे घेण्याची ऑलिम्पिकच्या इतिहासातली ही पहिली वेळ. ज्याच्या आयुष्यातली सोळा वर्षं 'भारत' हे नाव छातीवर वागवण्यात गेली, त्याची शर्यत दोन दिवस आधी संपली होती. त्याच्या त्या ३७ व्या क्रमांकापुढे 'भारत' नव्हतं.

१४ तारखेला नदीम इक्बाल १५ किलोमीटरच्या शर्यतीत उतरला, आता भारताच्या नावानं. तो ८५ वा आला. त्याच्यामागे नेपाळचा दाछिरी शेर्पा ८६ वा, आणि पेरूचा रोबेर्तो कार्सेलेन ८७ वा आणि शेवटचा. कार्सेलेनची बरगडी मोडलेली होती, तरी तो शेवटपर्यंत आला. आणि शर्यत जिंकलेला स्वित्झर्लंडचा दारिओ कोलोन्या, जो ३८ मिनिटांत पोचला होता, तो त्या शेवटच्या माणसासाठी थांबून राहिला आणि त्यानं त्याचा हात हातात घेतला. वर्तमानपत्रांनी 'भारताचा इक्बाल ८५ वा' एवढंच छापलं. पण ८५, ८६, ८७ या तीन आकड्यांमागे काश्मीर, नेपाळ आणि पेरू, म्हणजे हिमालय आणि अँडीज उभे आहेत. बर्फ तिथे भरपूर आहे. नाही ते बर्फावरच्या खेळासाठी लागणारं बाकी सगळं. साधनं, प्रशिक्षक, परदेशातल्या स्पर्धांचा खर्च आणि धड चालणाऱ्या संघटना.

१६ तारखेला ऑलिम्पिकग्रामात तिरंगा चढला. १९ ला हिमांशू ठाकूरची जायंट स्लॅलम. शंभराहून अधिक जण उतरले होते, दोन्ही फेऱ्या पूर्ण करणारे ७२. हिमांशू ७२ वा. शेवटचा म्हणा हवं तर. पण जे वाटेत पडले किंवा बाद झाले, त्यांना तर कुठला क्रमांकच नाही. अशा शर्यतीत खाली पोचणं हीच पहिली परीक्षा असते, आणि ती तो पास झाला.

३७, ८५, ७२. यात पदक नाही, विक्रम नाही. मग हिशेब कुणाचा मांडायचा? आपल्याला सवय अशी की निकाल लागला की खेळाडूला तराजूत घालायचं. सोचीनं तो तराजू फिरवून दाखवला. इथे खेळाडूंनी आपला वाटा पूर्ण केला. कमी पडली ती त्यांच्या पाठीशी असायला हवी होती ती रचना.

ही गोष्ट आपल्याला, मराठी माणसांना, नवी नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांना पैसे कुणी दिले? गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. साठ वर्षांनी केशवनही लोकांकडून मदत गोळा करत होता. फरक एवढाच, की खाशाबांच्या वेळी संघटना गरीब होती असं तरी म्हणता येईल.

म्हणून सोचीतून आम्ही जे घेतलं ते असं. राष्ट्राचं प्रतिनिधित्व हा पदकाबरोबर मिळणारा मान नाही. ती आधी केलेली देवघेव आहे. खेळाडू आपलं शरीर, आपली वर्षं, आपला धोका देतो. त्या बदल्यात राष्ट्रानं त्याला नाव द्यायचं असतं, आणि ते नाव वेळेवर द्यायचं असतं. वेळेवर न दिलेलं नाव पुढे दिलं तरी भरून निघत नाही. केशवनला नंतर अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१८ ला प्योंगचांगला तो तिरंग्याखाली सहाव्यांदा उतरला, ३४ वा आला. आनंद आहे. पण सोचीतल्या त्या चार फेऱ्या पुन्हा कुणी घेऊ शकत नाही.

आणि एक शेवटचा संदर्भ. २०२२ ला बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकला भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान. चीननं मशालीच्या मिरवणुकीत गलवानमधल्या लष्करी अधिकाऱ्याला मान दिला, म्हणून भारत सरकारनं उद्घाटन आणि समारोपावर राजनैतिक बहिष्कार घातला, दूरदर्शननं ते सोहळे दाखवले नाहीत. त्या निर्णयामागची भावना समजण्यासारखी आहे, त्यावर आम्ही वाद घालत नाही. पण चित्र काय होतं ते बघा. सोचीत समिती नव्हती, बीजिंगमध्ये सरकार नव्हतं. दोन्ही वेळा जो हजर होता तो खेळाडू. आरिफनं एकट्यानं तिरंगा मैदानात नेला, जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला आणि घरी परतला.

तेव्हा पुढच्या वेळी निकालाच्या यादीत खूप खाली कुठेतरी 'भारत' दिसलं, तर लगेच पान उलटू नका. त्या माणसानं ते नाव तिथवर कसं आणलं, आणि आपण त्याला ते वेळेवर दिलं होतं का, एवढं एकदा विचारा.